विस्मरणाचा वक्र आणि वगळलेला अर्थ : एबिंगहाऊसच्या ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक

मानसशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात स्मृतीचे प्रकरण उघडले की एक आकृती हमखास आढळते. डावीकडे वरून झपाट्याने खाली येणारी आणि मग हळूहळू आडवी होत जाणारी ती एक वक्ररेषा असते. तिच्याखाली हर्मन एबिंगहाऊस हे नाव आणि १८८५ हे साल छापलेले असते. अध्यापक प्रशिक्षणाच्या वर्गांत, शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत आणि अभ्यासकौशल्यावरील व्याख्यानांतही हीच आकृती दाखविली जाते व तिच्या आधारे एक निष्कर्ष सांगितला जातो : शिकविलेल्यापैकी दोन-तृतीयांश भाग विद्यार्थी एका दिवसात विसरतो.

हा निष्कर्ष एबिंगहाऊसने काढलेला नाही. तो त्याच्या ग्रंथातील एका आकड्यावरून इतरांनी काढला आहे आणि तो आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर होता, तो प्रश्न वाटेत गळून पडला आहे. आपण अध्यापक आहोत. विद्यार्थ्यांच्या विसरण्याविषयी आपण जे मानतो, त्यावरून आपण किती शिकवायचे, किती वेळा उजळणी घ्यायची आणि मागे पडलेल्या मुलाला कसे पाहायचे हे ठरते. म्हणून या आकृतीची तपासणी ही केवळ मानसशास्त्र विभागाची बाब राहत नाही.

प्रस्तुत लेखात एबिंगहाऊसचा मूळ ग्रंथ, त्याची पद्धती, तिच्यावर पुढे घेतले गेलेले आक्षेप आणि त्यांतून आज काय शिल्लक राहते, याचा विचार केला आहे. लेखक भाषेचा अध्यापक आहे. त्यामुळे 'अर्थ' या गोष्टीकडे येथे अधिक लक्ष दिले गेले असल्यास ते स्वाभाविक मानावे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

एबिंगहाऊसचा जन्म १८५० मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे झाला. १८७३ मध्ये त्याने बॉन विद्यापीठातून तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविली. त्यानंतरच्या काळात त्याच्या वाचनात गुस्ताव फेक्नर याचा १८६० मध्ये प्रसिद्ध झालेला मनोभौतिकीवरील ग्रंथ आला. प्रकाश, वजन, ध्वनी यांची संवेदना गणिताने मोजता येते, हे फेक्नरने दाखविले होते. संवेदना मोजता येत असेल तर स्मृती का मोजता येऊ नये, असा प्रश्न एबिंगहाऊसला पडला.

हा प्रश्न त्या काळी धाडसाचा होता. विल्हेल्म वुंटने १८७९ मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली आणि तेच या शास्त्राचे जन्मवर्ष मानले जाते. परंतु वुंटच्या मते प्रयोगाची मर्यादा संवेदना, प्रतिक्रियाकाल अशा साध्या प्रक्रियांपर्यंतच होती. भाषा, मिथके, रूढी यांसारख्या उच्च मानसिक व्यवहारांचा अभ्यास प्रयोगाने होणार नाही, तो इतिहास आणि समाज यांच्या निरीक्षणानेच करावा लागेल, असे तो मानीत असे. त्यासाठी त्याने १९०० ते १९२० या काळात लोकमानसशास्त्राचे दहा खंड लिहिले.

एबिंगहाऊसपाशी त्या वेळी प्रयोगशाळा नव्हती, मार्गदर्शक नव्हता आणि प्रयोगासाठी विद्यार्थीही नव्हते. त्याने स्वतःवरच प्रयोग केले : पहिल्यांदा १८७९-८० मध्ये आणि पुन्हा पडताळणीसाठी १८८३-८४ मध्ये. त्यांचे फलित म्हणजे १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'स्मृतीविषयी' हा आटोपशीर ग्रंथ. १९१३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि अमेरिकेतील पाठ्यपुस्तकांतून तो आपल्याकडे पोहोचला.

प्रयोगाची मांडणी

स्मृती मोजताना पहिली अडचण सामग्रीची येते. एखादी कविता एकाला सोपी जाते, दुसऱ्याला अवघड; एका कडव्यात ओळखीचे शब्द असतात, दुसऱ्यात नसतात. मोजमापासाठी सारख्या आकाराचे एकक हवे. हे एकक मिळविण्यासाठी एबिंगहाऊसने अर्थच बाजूला काढला. दोन व्यंजनांमध्ये एक स्वर ठेवून त्याने शब्दावयव तयार केले. जर्मनमधील ११ स्वर व संयुक्त स्वर आणि आरंभी व शेवटी येऊ शकणारी व्यंजने यांच्या सर्व जुळण्या करून सुमारे २,३०० शब्दावयवांचा साठा जमला. त्यांतून चिठ्ठ्या उचलाव्यात तसे अवयव उचलून तो याद्या बनवी, मिनिटाला १५० ठोक्यांच्या तालावर त्या वाची आणि बिनचूक म्हणता येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाची.

दुसरी अडचण मापनाची होती. आठवले किंवा आठवले नाही, एवढेच नोंदविले तर पूर्ण विसरलेल्या गोष्टीविषयी काहीच बोलता येत नाही. यावर त्याने शोधलेला उपाय, म्हणजे बचत पद्धती, हा या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग आहे. यादी पहिल्यांदा पाठ करायला किती वेळ लागला तो मोजायचा. ठरावीक काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायची आणि या वेळी किती वेळ कमी लागला तो पाहायचा. वाचलेल्या श्रमाची मूळ श्रमाशी असलेली टक्केवारी म्हणजे बचत. यादीतील एकही अवयव आठवत नसला, तरी ती दुसऱ्यांदा लवकर पाठ होत असेल तर मनात काहीतरी उरलेले आहे. ते 'काहीतरी' मोजण्याचे साधन एबिंगहाऊसने दिले. त्याची सांख्यिकी काळजीही नोंद घेण्यासारखी आहे. संध्याकाळी पाठांतराला अधिक वेळ लागतो हे लक्षात आल्यावर त्याने त्या वेळच्या आकड्यांत दुरुस्ती केली, आणि प्रत्येक सरासरीबरोबर तिची संभाव्य चूकही दिली.

१३ अवयवांच्या याद्यांवर केलेल्या प्रयोगांतून मिळालेली बचत अशी होती : सुमारे २० मिनिटांनी ५८.२ टक्के, एका तासाने ४४.२, सुमारे नऊ तासांनी ३५.८, एका दिवसाने ३३.७, दोन दिवसांनी २७.८, सहा दिवसांनी २५.४ आणि ३१ दिवसांनी २१.१ टक्के. पाठ्यपुस्तकांतील वक्ररेषा ती हीच.

आकड्याचा अर्थ

आता ३३.७ हा आकडा काय सांगतो ते पाहू. समजा, एक यादी पाठ करायला १,००० सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी तीच यादी पुन्हा पाठ करायला ६६३ सेकंद लागले, म्हणजे ३३७ सेकंद वाचले. बचत ३३.७ टक्के झाली. याचा अर्थ यादीतील ३३.७ टक्के अवयव आठवले असा होत नाही. कदाचित एकही आठवला नसेल, कदाचित निम्मे आठवले असतील. बचत पद्धती त्याविषयी काही सांगत नाही. ती फक्त वाचलेले श्रम मोजते.

पाठ्यपुस्तकांतील आकृतीत मात्र उभ्या अक्षावर बहुधा 'धारणा' हा शब्द असतो. विद्यार्थी त्याचा अर्थ 'लक्षात राहिलेला भाग' असा घेतो, अध्यापकही तसाच घेतो आणि शंभरातून ३३.७ वजा करून 'एका दिवसात ६६ टक्के विसरले जाते' हे वाक्य तयार होते. श्रमाचे माप अशा रीतीने आशयाचे माप होऊन बसते. पुनरध्ययन, प्रत्यावाहन आणि प्रत्यभिज्ञा ही स्मृती मोजण्याची तीन वेगळी साधने आहेत, हे त्याच प्रकरणात दोन पाने आधी शिकविलेले असते. तरी आकृतीपाशी आल्यावर तो भेद विसरला जातो.

दुसरी बाब शिकणाऱ्याची. हे प्रयोग एकाच माणसाने एकट्याने केले, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु तो तितकासा बलवान नाही. २०१५ मध्ये याप मुरे आणि यूरी ड्रोस यांनी हा प्रयोग पुन्हा केला. यात एकाच व्यक्तीने ७० तास याद्या पाठ केल्या आणि हाती आलेला वक्र एबिंगहाऊसच्या वक्राशी बराच जुळला. एकट्या माणसाचे आकडे काटेकोर असतील तर ते टिकतात, हे यातून दिसते.

खरा प्रश्न वेगळा आहे. एबिंगहाऊसने अशा शेकडो याद्या पाठ केल्या होत्या. एकसारख्या याद्या एकमेकींत मिसळतात आणि जुनी यादी नवीला आठवू देत नाही. १९३२ मध्ये मॅकगिओच याने असे प्रतिपादन केले की विस्मरण केवळ काळ गेल्यामुळे होत नाही. मधल्या आणि आधीच्या शिकण्याचा व्यत्यय हे त्याचे मोठे कारण आहे. बेंटन अंडरवुड याने १९५७ मध्ये निरनिराळ्या प्रयोगांचे निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ज्यांनी आधी पुष्कळ याद्या पाठ केल्या होत्या, ते २४ तासांत सुमारे तीन-चतुर्थांश भाग विसरत. ज्यांनी एकच यादी पाठ केली होती, त्यांचे विस्मरण सुमारे २५ टक्के होते. म्हणजे ज्या उताराला आपण मानवी मनाचा नियम समजतो, त्यातील मोठा भाग प्रयोगाच्या मांडणीतूनच आलेला असण्याची शक्यता आहे. वर्गातील विद्यार्थी एका दिवसात शेकडो एकसारख्या याद्या शिकत नाही. तो इतिहास, गणित आणि कविता शिकतो.

'निरर्थक' किती निरर्थक?

आता सामग्रीकडे वळू. सर्व शब्दावयव सारखेच कोरे आहेत, या गृहीतावर एबिंगहाऊसची मांडणी उभी आहे. पण जुळण्या यंत्रवत् केल्या की त्यांत खरे शब्दही आपोआप येतात. जर्मनमध्ये 'टिश' म्हणजे मेज आणि 'बूख' म्हणजे पुस्तक. दोन्ही व्यंजन-स्वर-व्यंजन या साच्यात बसतात. याद्या अपेक्षेइतक्या सारख्या नाहीत, काही चमत्कारिकरीत्या सोप्या आणि काही अवघड जातात, हे एबिंगहाऊसने स्वतःच नमूद केले आहे. १९२८ मध्ये ग्लेझ याने असे अवयव विद्यार्थ्यांना दाखवून त्यांवरून काही सुचते का, हे विचारले. काही अवयवांवरून प्रत्येकाला काहीतरी सुचले, काहींवरून कुणालाही नाही. निरर्थकतेलाही पायऱ्या असतात, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्या भाषांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. हा प्रयोग आपल्या महाविद्यालयांत मराठीतून घ्यायचा म्हटले तर साधी जुळणी करून पाहावी. 'ग' या व्यंजनापुढे 'अ' स्वर आणि मग दुसरे व्यंजन ठेवले की गज, गट, गड, गण, गत, गप, गर, गळ असे शब्द एकामागून एक उभे राहतात. यांतील प्रत्येक मराठी शब्द आहे. जर्मनमध्ये जे अपवादाने घडते ते मराठीत वारंवार घडते, कारण अशा छोट्या घडणीचे शब्द आपल्या बोलीत फार आहेत.

उर्दूत अडचण लिपीची आहे. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. दाल आणि मीम ही दोन अक्षरे एकापुढे एक लिहिली तर संदर्भाप्रमाणे ती 'दम' वाचता येतात किंवा 'दुम'. काफ आणि लाम ही अक्षरे 'कल' होतात किंवा 'कुल'. वाक्यातील अर्थ कळला की कोणता स्वर घ्यायचा हे कळते. अर्थच काढून टाकला तर असा अवयव नेमका कसा उच्चारायचा, हेच वाचकाला ठरविता येत नाही. जेर-जबर-पेश लावून ही अडचण दूर करता येते, पण मग वाचकासमोर त्याच्या रोजच्या सवयीचे लिखाण राहत नाही. उर्दू वाचणे हे मुळातच अर्थावर टेकलेले काम आहे. म्हणून जर्मनमध्ये तयार झालेले मापनाचे एकक जसेच्या तसे दुसऱ्या भाषेत आणि लिपीत नेता येईल, हे गृहीत तपासूनच घ्यावे लागते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही तपासणी क्वचितच दिसते.

या संदर्भात एबिंगहाऊसवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. अर्थाचे सामर्थ्य त्याला माहीत होते आणि त्याने ते मोजलेही होते. तुलनेसाठी त्याने बायरनच्या 'डॉन जुआन' या दीर्घकाव्यातील कडवी पाठ केली. सुमारे ८० शब्दावयवांचे एक कडवे त्याला आठ-नऊ वाचनांत पाठ होई. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक यादीला ७० ते ८० वाचने लागतील असा त्याचा हिशोब होता. म्हणजे अर्थ, लय, यमक आणि एका भाषेचे बंधन यांमुळे श्रम जवळजवळ एक-दशांशावर येतात. हीच कडवी रोज एकदा पुन्हा पाठ केल्यावर पाचव्या दिवशी ती न वाचताच म्हणता आली. १२ अवयवांच्या यादीला मात्र सहाव्या दिवशीही दोन-तीन वाचने लागत होती. हे आकडे त्याच ग्रंथात आहेत. पाठ्यपुस्तकांनी वक्र उचलला आणि बायरन मागे ठेवला.

पुढे १८९७ मध्ये ब्रेस्लाऊ येथील शाळांतील मुलांच्या थकव्याची पाहणी करण्याच्या निमित्ताने एबिंगहाऊसने एक नवी चाचणी प्रसिद्ध केली. गद्य उताऱ्यातील काही शब्द किंवा शब्दांचे भाग गाळायचे आणि मुलांनी ते अर्थाच्या अनुरोधाने भरायचे. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत आपण 'रिकाम्या जागा भरा' म्हणतो, त्याच जातीची ही चाचणी. अर्थ वगळून स्मृती मोजणारा शास्त्रज्ञ मुलांची बौद्धिक शक्ती मोजताना अर्थाकडेच वळला, हे लक्षणीय आहे.

बार्टलेटचा पर्याय आणि त्याच्या मर्यादा

एबिंगहाऊसवरील सर्वांत गाजलेली टीका केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मधील 'रिमेम्बरिंग' या ग्रंथात केली. सामग्रीतून अर्थ काढला म्हणून माणूस अर्थ लावायचा थांबत नाही, उलट प्रयोगात एक कृत्रिम सवय निर्माण होते, असा त्याचा मुख्य आक्षेप होता. त्याने प्रयोगासाठी उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा निवडली. फ्रान्झ बोआसने अनुवादित केलेली ही कथा 'वॉर ऑफ द घोस्ट्स' या नावाने प्रसिद्ध आहे. इंग्रज वाचकांनी ती दोनदा वाचायची, १५ मिनिटांनी लिहून काढायची आणि पुढे जमेल तसे काही दिवसांनी, महिन्यांनी, काही वेळा वर्षांनी पुन्हा लिहायची.

लिहिताना कथा लहान होत गेली आणि इंग्रजी वळणाची होत गेली. आदिवासींची होडकी साध्या बोटी झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, न समजलेले प्रसंग गळाले किंवा त्यांना ओळखीची कारणे जोडली गेली. यावरून बार्टलेटने असे मांडले की आठवणे म्हणजे साठविलेली वस्तू बाहेर काढणे नव्हे. आधीच्या अनुभवांतून घडलेल्या चौकटीच्या साहाय्याने ती पुन्हा रचणे होय. या चौकटीला त्याने 'स्कीमा' म्हटले. मराठी किंवा उर्दू शिकविणाऱ्याला हे पटायला फार वेळ लागत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत धड्याचा सारांश वाचताना आपण रोज हेच पाहतो : विद्यार्थी धडा जसाच्या तसा लिहीत नाही, त्याच्या घरच्या जगात बसेल असा लिहितो.

परंतु बार्टलेटला सरसकट विजयी ठरविणेही बरोबर नाही. त्याच्या प्रयोगांत पुन्हा लिहिण्याच्या कालावधीला निश्चित शिस्त नव्हती आणि निष्कर्षांना सांख्यिकीचा आधार जवळपास नव्हता. १९६७ मध्ये गॉल्ड आणि स्टीफन्सन यांनी दाखविले की 'नेमके आठवेल तेवढेच लिहा' अशी कडक सूचना दिली तर पदरच्या भरीचे प्रमाण कमी होते. म्हणजे काही चुका स्मृतीच्या असतात, काही गोष्ट रंगविण्याच्या हौसेच्या. एबिंगहाऊसपाशी काटेकोरपणा आहे आणि अर्थ नाही. बार्टलेटपाशी अर्थ आहे आणि काटेकोरपणा अपुरा आहे. स्मृतीचे मानसशास्त्र या दोन उणिवांच्या मधून वाट काढीत पुढे गेले.

ही वाट कुठे पोहोचली याचे भाषा-अध्यापकाच्या दृष्टीने उत्तम उदाहरण म्हणजे हॅरी बॅरिक याचे १९८४ मधील संशोधन. त्याने शाळा-महाविद्यालयांत स्पॅनिश शिकलेल्या किंवा शिकत असलेल्या ७३३ व्यक्तींची चाचणी घेतली. त्यांपैकी काहींना शिकून ५० वर्षे झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत ज्ञान घसरते आणि मग पुढील सुमारे तीस वर्षे ते जवळजवळ स्थिर राहते, असे आढळले. मूळ शिक्षण जितके पक्के, तितका टिकून राहिलेला भाग मोठा. एका महिन्याच्या निरर्थक यादीवरून काढलेली वक्ररेषा भाषाशिक्षणाला लावणे किती घाईचे आहे, हे यावरून कळावे.

पाठांतर, पाढे आणि हिफ्ज

आपल्याकडे या वादाला आणखी एक बाजू आहे. 'घोकंपट्टी' हा शब्द आपण सरसकट निंदेने वापरतो आणि एबिंगहाऊसच्या याद्या म्हणजे घोकंपट्टीचा नमुना समजतो. पण आपल्या परंपरेतील पाठांतर निरर्थक यादीसारखे क्वचितच असते. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी हे जुन्या मराठी शाळेतील पाढे पाहावेत. मुलाला अपूर्णांकाचे शास्त्र कळण्यापूर्वी ते तोंडपाठ होत. पण त्यांना ताल होता, सर्वांनी एका सुरात म्हणण्याची रीत होती आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी होती.

हिफ्जचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ज्याची घरची भाषा दखनी, मराठी किंवा उर्दू आहे असा मुलगा कुरआन अरबीतून मुखोद्गत करतो. शब्दार्थ त्याला त्या वेळी माहीत नसतो. म्हणून त्याची सामग्री एबिंगहाऊसच्या अर्थाने निरर्थक ठरते काय? तसे म्हणता येणार नाही. आयतींच्या शेवटी येणारे समान ध्वनी, तज्वीदचे नियम, उस्तादाच्या तोंडून ऐकलेला उच्चार आणि या कामाला घरात व वस्तीत असलेली प्रतिष्ठा या सर्वांचा आधार त्या पाठांतराला असतो. शब्दार्थ आणि अर्थपूर्णता या एकच गोष्टी नाहीत, हे प्रयोगशाळेतील द्विभागणीत न बसणारे सत्य येथे दिसते.

या शिक्षणाची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. अनेक मदरशांत रोजचे काम तीन भागांत असते : नवा 'सबक', नुकत्याच झालेल्या भागाची 'सबकी' आणि जुन्या भागाचा पाळीपाळीने 'आमोख्ता'. प्रत्येक भाग पुस्तक मिटून उस्तादाला ऐकवायचा असतो. यातील दोन्ही तत्त्वांना प्रयोगाचा आधार आहे. पहिले तत्त्व विखुरलेल्या उजळणीचे. १२ अवयवांच्या यादीवर एकाच दिवशी केलेल्या ६८ वाचनांचा जो परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला, तोच परिणाम तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ वाचनांनी मिळाला, असे एबिंगहाऊसने नोंदविले आहे. दुसरे तत्त्व ऐकवून दाखविण्याचे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना गद्य उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

आणि हाफिजला कुठे अडखळायला होते? जेथे दोन आयती जवळजवळ सारख्या शब्दांच्या असतात तेथे. एका सूरेतून तो नकळत दुसरीत जातो. या जागांना मुतशाबिहात म्हणतात आणि उस्ताद त्यांची स्वतंत्र तयारी करून घेतात. मॅकगिओच आणि अंडरवुड ज्याला व्यत्यय म्हणतात, त्याचे हे मक्तबमधील रूप आहे. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना सर्व मानसशास्त्र आधीच माहीत होते असा काढू नये. त्यांनी मोजमाप केले नव्हते आणि मोजल्याशिवाय शास्त्र होत नाही. पण जे अनुभवाने टिकले आहे त्याला 'घोकंपट्टी' म्हणून मोडीत काढण्यापूर्वी आधी तपासावे, एवढे नक्की म्हणता येते.

समारोप

एबिंगहाऊसच्या ग्रंथाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्याची पद्धती, म्हणजे एकक ठरविणे, परिस्थिती सारखी ठेवणे, श्रम मोजणे, सरासरीबरोबर चूक नोंदविणे, ही आजही अनुकरणीय आहे. जे मोजता येणार नाही असे वुंटसारखा मातब्बर अभ्यासक मानीत होता ते त्याने खोलीत एकट्याने बसून मोजले, हे ऋण मोठे आहे. त्याचे आकडे मात्र त्या पद्धतीतून, त्या सामग्रीवर आणि त्या शिकणाऱ्याकडून आलेले आहेत. पद्धतीपासून तोडलेला आकडा नियम म्हणून फिरू लागला की तो शास्त्राचा राहत नाही, वाक्प्रचार होतो.

आपल्या वर्गांच्या दृष्टीने यातून तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, विस्मरणाचा वक्र शिकविताना उभ्या अक्षावर 'धारणा' असे न लिहिता 'पुनरध्ययनात वाचलेले श्रम' असे लिहावे आणि शेजारी 'डॉन जुआन'चे आकडे द्यावेत. दोन, मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात इंग्रजी याद्यांऐवजी मराठी व उर्दूतील अवयव घ्यावेत. ते किती निरर्थक आहेत हे विद्यार्थ्यांनाच ग्लेझच्या रीतीने आधी तपासू द्यावे. एक निरर्थक यादी आणि तेवढ्याच लांबीचे एक कडवे पाठ करून, घड्याळ लावून, दुसऱ्या दिवशी बचत काढली तर एका तासिकेत या शास्त्राचा पाया हाती लागतो. या कामात भाषा विभाग आणि मानसशास्त्र विभाग यांनी एकत्र बसावे. तीन, 'मुले एका दिवसात दोन-तृतीयांश विसरतात' हे वाक्य कोणत्याही व्याख्यानात ऐकले की तीन प्रश्न विचारावेत : काय शिकविले होते, कुणाला शिकविले होते आणि मोजले कसे?

हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर एबिंगहाऊसच्या साली-तारखा परीक्षेनंतर तो विसरला तरी फारसे बिघडणार नाही. मुलांना आपण शिकविलेले आठवत नसेल, तर दोष त्यांच्या स्मृतीला देण्याआधी आपण त्यांच्या हाती यादी दिली होती की कडवे, हे अध्यापकाने पाहायला हवे.